अबूचा पहाड कोणाचा?

गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी माणसाला थंड हवेचे ठिकाण म्हटले म्हणजे महाबळेश्वराच्या आधी अबू आठवतो. कारण उघड आहे. वडोदऱ्यास रात्रीच्या गाडीत बसावे, अहमदाबाद, मेहसाणे, पालनपूर ही स्थानके झोपेत मागे टाकावीत आणि उजाडता उजाडता अबू रोडला उतरावे. तेथून सुमारे अठ्ठावीस किलोमीटरांचा घाट चढला, की चार हजार फुटांवर, चहूबाजूंनी काळ्या कातळांनी वेढलेला नक्की तलाव आणि त्याच्या काठाने वसलेले गाव दिसू लागते. मारवाडच्या रखरखीत मैदानातून एकाएकी वर आलेला हा पहाड पाहिला, म्हणजे आपल्या पूर्वजांना येथे देव राहतात असे का वाटले असेल, हे निराळे सांगावे लागत नाही.

यंदा आमच्याबरोबर सहा वर्षांची नात होती. लहान मूल बरोबर असले म्हणजे प्रवासाचा वेग त्याच्या पावलांनी ठरतो, आणि इतिहासाचा क्रम त्याच्या प्रश्नांनी. वडीलधारी माणसे एखाद्या स्थळी गेली, की ते केव्हा बांधले असे विचारतात. मूल विचारते, हे कोणाचे? नौका कोणाची, तलाव कोणाचा, देऊळ कोणाचे, आणि शेवटी, “आजोबा, हा सगळा डोंगर कोणाचा?” हा प्रश्न वाटतो तितका बालिश नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठमोठ्या मुत्सद्द्यांनी, एका आयोगाने आणि अखेर भारताच्या संसदेनेही त्याचाच खल केला होता. तेव्हा त्या प्रश्नाचा धागा धरून अबूचा इतिहास पाहिल्यास वावगे होणार नाही.

पहिला हक्क अर्थातच पुराणाचा. येथे वसिष्ठांचा आश्रम होता आणि त्यांची नंदिनी गाय एका खोल विवरात पडली, अशी कथा आहे. ते विवर बुजवावे म्हणून हिमालयाचा एक तुकडा अर्बुद नावाच्या नागाने पाठीवरून येथे वाहून आणला, तोच अर्बुदाचल. पुढे याच वसिष्ठांच्या अग्निकुंडातून परमार, चौहान, सोळंकी आणि प्रतिहार ही चार राजकुळे निघाली, असे भाटचारण सांगत आले. इतिहासकार त्या अग्निकुंडाचा निरनिराळा अर्थ लावतात. आपल्या कुळाचा उगम या पहाडावर झाला असे चार बलाढ्य घराण्यांना सांगावेसे वाटले, एवढी गोष्ट मात्र त्यातून निर्विवाद निघते.

तलावाची कथा याहून अधिक घरगुती आहे. देवांनी नखांनी खणला म्हणून त्याचे नाव नक्की, असे एक मत. दुसरी कथा रसिया बालमची. राजाने पण लावला होता, की जो एका रात्रीत तलाव खणील त्याला राजकन्या मिळेल. रसियाने नुसत्या नखांनी काम तडीस नेत आणले. पण राणीला हा जावई नको होता. पहाट होण्यापूर्वीच तिने कोंबड्याचे आरवणे घडवून आणले, आणि वेळ संपली असे समजून तो बिचारा हरला. देलवाड्याजवळ रसिया बालम आणि कुंवारी कन्या यांचे स्थान आजही दाखवितात. नौकेत बसून ही गोष्ट सांगितली, तेव्हा नातीने तत्काळ निकाल दिला, “मग तलाव रसियाचाच. खणला त्याने ना!” श्रम ज्याचे त्याची वस्तू, हा न्याय लहान मुलांना कोणी शिकवावा लागत नाही, पुढे शाळा-कचेऱ्यांत तो विसरावयास मात्र शिकवितात.

या तलावावर आणखी एका समाजाचा हक्क आहे, आणि प्रवाशांच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख ओझरता येतो. अबूच्या परिसरातील गरासिया हे आदिवासी लोक नक्कीला गंगेसारखे पवित्र मानतात. वैशाखी पौर्णिमेला ते आपल्या मृतांच्या अस्थी घेऊन येथे येतात आणि त्या तलावात विसर्जित करतात. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी महात्मा गांधींच्या अस्थींचा अंशही याच पाण्यात सोडण्यात आला. तेथील घाटाला म्हणूनच गांधी घाट म्हणतात. शिडांच्या आणि वल्ह्यांच्या नौकांमधून हौशी प्रवासी ज्या पाण्यावर फिरतात, त्याच्या तळाशी असे दोन प्रकारचे स्मरण आहे, हे ध्यानात ठेवणे बरे.

लिखित इतिहासाकडे वळले, की अबू प्रथम परमारांचा दिसतो. त्यांची राजधानी पायथ्याशी, चंद्रावती येथे होती. हे परमार बहुधा अणहिलवाड पाटणच्या सोळंक्यांचे मांडलिक असत. म्हणजे पहाड परमारांचा, पण वर छाया गुजरातची. त्या काळाची एक खूण अचलगडाच्या वाटेवर, अचलेश्वराच्या देवळाशेजारी पाहावयास मिळते. मंदाकिनी नावाच्या कुंडाच्या काठी पाषाणाच्या तीन म्हशी एका रांगेत उभ्या आहेत, आणि त्यांच्याजवळ धनुष्य घेतलेला राजा. लोककथा अशी, की कुंड तुपाने भरलेले असे व राक्षस म्हशींच्या रूपाने रात्री येऊन ते पीत. राजाने एकाच बाणाने तिघांचा वेध केला. हा धनुर्धर म्हणजे बाराव्या शतकातील परमार धारावर्ष. त्याने एका बाणात तीन महिष विंधले, ही कीर्ती पुढच्या एका शिलालेखातही कोरलेली आहे. लोककथा आणि शिलालेख इतक्या सलगीने एकमेकांना धरून चालतात, असे फार थोड्या ठिकाणी आढळते. आमच्या नातीला मात्र राजापेक्षा म्हशींचे दुःख अधिक झाले. तूप सांडलेच होते तर प्याल्या थोडे, असे तिचे म्हणणे.

अचलगडाचा किल्ला मुळात परमारांचा. मेवाडच्या राणा कुंभाने पंधराव्या शतकाच्या मध्यास त्याची पुनर्बांधणी केली. म्हणजे पहाडावर मेवाडचीही मुद्रा उमटली. परमारांची सत्ता मोडल्यावर देवडा चौहान आले, त्यांनी पुढे सिरोहीचे राज्य स्थापिले, आणि तेव्हापासून विसाव्या शतकापर्यंत अबू सिरोहीचा राहिला.

परंतु अबूचे नाव जगभर गेले ते राजांमुळे नव्हे, मंत्र्यांमुळे. देलवाड्याच्या जैन मंदिरांपैकी विमलवसही इ. स. १०३१ मध्ये विमलशहाने बांधविली; तो सोळंकी राजा पहिला भीमदेव याचा मंत्री. त्यानंतर दोनशे वर्षांनी, विक्रम संवत् १२८७ मध्ये, म्हणजे इ. स. १२३० च्या सुमारास, वस्तुपाल आणि तेजपाल या बंधूंनी लूणवसही उभारली. तिचा स्थपती शोभनदेव. तिची प्रशस्ती सोमेश्वर कवीने रचली. बाहेरून पाहता या वास्तू अगदी साध्या. आत पाऊल टाकावे तो संगमरवराचे लोणी झालेले. छतातून खाली लोंबणारे कमळ इतके पातळ कोरलेले आहे, की त्यातून उजेड आरपार यावा. कारागिरांनी खरवडून काढलेल्या भुकटीच्या भारोभार चांदी त्यांना मिळे, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, ते काम पाहून कोणालाही ती पटते.

लूणवसहीच्या नावाविषयी दोन गोष्टी सांगतात. परंपरा म्हणते, की अल्पवयात वारलेला थोरला भाऊ लूणिग याच्या स्मरणार्थ हे मंदिर झाले. शिलालेखात मात्र तेजपालाची पत्नी अनुपमादेवी आणि पुत्र लूणसिंह यांच्या पुण्यासाठी ते बांधल्याचे म्हटले आहे. भाऊ असो की मुलगा, एका कुटुंबाच्या मायेने हा संगमरवर आकारास आला, हे दोन्हींकडून सारखेच ठरते. राजे किल्ले बांधतात ते शत्रूच्या भीतीने. या मंत्र्यांनी बांधले ते आपल्या माणसांच्या ओढीने. सातशे-आठशे वर्षे लोटली, किल्ल्याचे बुरूज ढासळले आणि मंदिरातले कमळ टिकले; अर्थात त्यालाही घाव बसले, जीर्णोद्धार करावे लागले, आणि ते करणारे हात प्रत्येक पिढीत निघाले. देवळे टिकतात ती दगडाच्या बळावर कमी, असल्या हातांच्या बळावर अधिक.

मराठी यात्रेकरूचे पाऊल अबूवर सर्वांत आपलेपणाने पडते ते गुरुशिखरावर. १७२२ मीटर उंचीचे हे अरवलीतील सर्वोच्च शिखर. आपले कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे हे त्याहून थोडे उंचच. येथे दत्तात्रेयाचे स्थान आहे. गाणगापूर, नरसोबाची वाडी, औदुंबर, गिरनार यांच्या नामावळीत वाढलेल्या माणसाला राजस्थानच्या शेंड्यावर दत्तगुरू भेटावेत, आणि तेथील मोठी घंटा वाजविण्यासाठी नात खांद्यावर चढावी, हा आनंद शब्दांत सांगण्याजोगा नाही. तेथे ना कोणी आमची भाषा विचारली, ना प्रांत.

इंग्रजांचा प्रवेश पहाडावर झाला तो एका प्रवाशाच्या रूपाने. राजस्थानचा इतिहासकार कर्नल जेम्स टॉड हा जून १८२२ मध्ये अबू चढला. त्याचा पश्चिम हिंदुस्थानातील प्रवासाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८३९ साली, प्रसिद्ध झाला आणि युरोपातील वाचकांना देलवाड्याची ओळख झाली. टॉडच्या मागोमाग, १८४० पासून, आजारी गोऱ्या सैनिकांना उन्हाळ्यात हवापालटासाठी वर पाठविण्यास प्रारंभ झाला, आणि १८४५ मध्ये सिरोहीच्या राव शिवसिंहाने आरोग्यस्थानासाठी जागा दिली. देताना त्याने घातलेल्या अटी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहाडावर गाय मारू नये, गोमांस वर आणू नये, सैनिकांनी देवळांत शिरू नये, असे त्याने कबूल करवून घेतले. सिरोहीने कंपनीचे संरक्षण १८२३ च्या तहाने स्वीकारले होते. म्हणजे लहानसे, अंकित संस्थान. तरीही जमीन देताना पहाडाचे पावित्र्य वेगळे काढून ठेवण्याइतके भान त्या राजाला होते. मालकी आणि मर्यादा यांतला हा भेद पुढच्या शहाण्यांनीही शिकावा असा आहे.

त्यानंतर अबू वाढला तो साहेबी थाटाने. राजपुतान्यातील गव्हर्नर जनरलच्या एजंटाचे ठाणे येथे आले, राजेरजवाड्यांच्या कोठ्या उठल्या, १८८० च्या सुमारास पायथ्यापर्यंत रेल्वे पोहोचली. पण या थाटाच्या मुळाशी एक भीती होती, तिचा उल्लेख क्वचित होतो. ती मुलांच्या जिवाची. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात गोऱ्यांची मुले फार दगावत. छावण्यांजवळच्या ख्रिस्ती दफनभूमींत लहान थडग्यांची संख्या पाहावी. ज्यांच्याजवळ पैसा होता ते मुलांना विलायतेस धाडीत. साध्या शिपायांच्या मुलांना तो मार्ग नव्हता. त्यांच्यासाठी सर हेन्री लॉरेन्स याने डोंगरावर शाळा काढण्याचा उपक्रम केला. पहिली १८४७ मध्ये सनावरला निघाली, अबूची त्यानंतरची. लॉरेन्स त्या वेळी राजपुतान्यात एजंट होता. पुढे १८५७ च्या जुलैत तो लखनौच्या वेढ्यात मारला गेला.

त्याच वर्षी २१ ऑगस्टला पहाटेच्या धुक्यात जोधपूर लीजनचे बंडवाले शिपाई अबूवर चढून आले आणि त्यांनी सैनिकांच्या बराकीवर गोळ्या झाडल्या. तेव्हाचा एजंट जॉर्ज लॉरेन्स, म्हणजे हेन्रीचा भाऊ. त्याचा मुलगा या चकमकीत जखमी झाला. शिपायांना माघार घ्यावी लागली. खाली जाऊन ते आउव्याच्या ठाकूर कुशालसिंहास मिळाले आणि तेथे त्यांनी इंग्रजांशी मोठी झुंज दिली. मुलांच्या सुरक्षिततेसाठी निवडलेला पहाडसुद्धा सुरक्षित राहिला नाही, हा त्या सकाळचा अर्थ. परक्याच्या भूमीवर आपल्या मुलांसाठी निवारा बांधणाऱ्याने त्या भूमीच्या मुलांचाही विचार करावयाचा असतो. तो झाला नाही, आणि १९१७ मध्ये तर ब्रिटिश सरकारने सिरोहीकडून गावाची जागा कायमच्या पट्ट्याने घेतली.

या साहेबी अबूवर १८९१ च्या उन्हाळ्यात एक तरुण संन्यासी एका गुहेत राहून गेला. खेतडीचे राजे अजितसिंह यांची व त्याची भेट ४ जूनला येथेच झाली. तो संन्यासी म्हणजे स्वामी विवेकानंद. आमच्या वाचकांस या गोष्टीत विशेष गोडी वाटावी, कारण अबूहून सुटलेला तो मार्ग पुढे आपल्याच गावांतून गेला. १८९२ च्या एप्रिलात स्वामीजी वडोदऱ्यास होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावास भाटे वकिलांच्या मराठी घरी उतरले. आणि तेथून गोव्यास गेले. एका संस्थानातून दुसऱ्यात, ब्रिटिश मुलखातून पोर्तुगीज मुलखात, असा हा प्रवास. सीमा तेव्हाही होत्या, पण माणूस घराघराच्या ओळखीने चालत असे.

आता शेवटच्या वादाकडे येऊ. १९४७ साली इंग्रज गेले आणि अबूचा पट्टा संपून तो पुन्हा सिरोहीकडे आला. सिरोहीचे राजे तेव्हा अल्पवयीन बालक होते आणि कारभार राजमातेच्या अध्यक्षतेखालील मंडळाकडे होता. म्हणजे पहाड कोणाचा, या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर त्या वेळी खरोखरच “एका लहान मुलाचा” असे होते! नातीला हे फार आवडले. परंतु संस्थाने विलीन होत होती. जानेवारी १९४९ मध्ये सिरोहीचा कारभार मुंबई सरकारकडे सोपविण्यात आला आणि जानेवारी १९५० मध्ये राज्याचे दोन भाग पडले. अबू रोड आणि देलवाडा हे तालुके मुंबई राज्यात गेले, उरलेला भाग राजस्थानात. गुजरातचे म्हणणे असे, की देलवाडा आमच्या मंत्र्यांनी बांधला, आमचे यात्रेकरू येथे येतात. राजस्थानचे म्हणणे, की शतकानुशतके पहाड सिरोहीचा. धड एकीकडे आणि शिर दुसरीकडे, असे कसे चालेल? विमलशहा आणि धारावर्ष यांना असे एकमेकांविरुद्ध साक्षीला उभे करण्यात आले. ज्यांच्या हयातीत ते दोघे एकाच छत्राखाली नांदले असते, त्यांची ही ओढाताण पाहून खेद वाटतो.

फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये राजस्थानच्या बाजूने कौल दिला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी अबू राजस्थानात गेला. ही तारीख वाचताच बेळगावच्या वाचकाच्या काळजात चर्र झाल्यावाचून राहणार नाही. ज्या कायद्याने अबू मुंबई राज्यातून काढून राजस्थानास दिला, त्याच कायद्याने, त्याच दिवशी, चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून काढून म्हैसूरास दिला. त्याच दिवशी हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. त्याच दिवशी इंदूर आणि ग्वाल्हेर ज्या मध्यभारतात होती, ते राज्य मध्यप्रदेशात मिळून नाहीसे झाले. वडोदरा तेवढे द्वैभाषिक मुंबईत राहिले, तेही १ मे १९६० पर्यंतच. आणि गोवा त्या दिवशी पोर्तुगीजांच्याच ताब्यात होता, तो मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. हे मासिक ज्या ज्या गावी वाचले जाते, त्यांपैकी बहुतेकांचे भाग्य एका कायद्याच्या निरनिराळ्या कलमांत लिहिले गेले, आणि त्यांच्याच शेजारी एक कलम अबूचे होते.

अबूचा वाद मिटला, बेळगावचा मिटला नाही. २००४ साली महाराष्ट्राने तो सर्वोच्च न्यायालयात नेला. दोन्हींत हा फरक का पडला, याचा विचार करावयास हवा. अबू राजस्थानात गेल्यानंतर गुजराती यात्रेकरूचे तेथे काहीच गेले नाही. देलवाड्याची पूजा तशीच चालली, दुकानावर गुजराती पाट्या राहिल्या, अबू रोडच्या फलाटावर गुजराती बोलली तरी कोणी भुवया उंचावीत नाही. बेळगावच्या मराठी माणसाचे गाऱ्हाणे जमिनीइतकेच शाळेचे, पाटीचे आणि कचेरीतल्या कागदाचे आहे. सरहद्दीची रेघ कोठे ओढली यापेक्षा ती ओढल्यावर पलीकडच्या मुलाला आपल्या भाषेत शिकता येते की नाही, यावर तिचे ओझे ठरते. वडोदऱ्यातील आम्ही मराठी माणसे हे अनुभवाने जाणतो. आम्ही गुजरातीत व्यवहार करतो, मराठीत जेवतो-भांडतो, आणि नातवंडांना दोन्ही भाषा यावात म्हणून धडपडतो. कधी जमते, कधी जमत नाही.

अबूचे एक ऋण हैदराबादच्या वाचकांनीही ओळखावे. १९४८ मध्ये पोलीस अधिकाऱ्यांचे केंद्रीय प्रशिक्षण विद्यालय याच पहाडावर निघाले आणि १९७५ मध्ये ते हैदराबादेस गेले. ज्या पहाडावर परसत्तेच्या प्रतिनिधीचे ठाणे होते, तेथेच स्वतंत्र भारताच्या रक्षकांची पहिली पिढी शिकली.

तर मग पहाड कोणाचा? कागदावर तो राजस्थानचा, आणि तसा तो सुखाने राहो. पण रसियाने खणले, धारावर्षाने राखले, तेजपालाने मुलासाठी कोरविले, शिवसिंहाने अटी घालून जपले, आणि गरासिया बायाबापे आजही आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन जेथे येतात, त्या जागेचे उत्तर एका नावात मावत नाही. नातीला मी एवढेच सांगितले, की जो जो याला जपतो, त्याचा त्याचा तो आहे. त्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तलावाच्या काठी कोणीतरी टाकलेली कागदाची पुडी तिने उचलली आणि म्हणाली, “मग थोडासा माझापण.” इतिहासाच्या अभ्यासकाला यात भर घालावेसे काही सुचले नाही.